दगडाचा ठाव

एखादी वस्तू कोठे आहे, हा प्रश्न वरवर पाहता अगदी साधा वाटतो. परंतु ज्यांनी जुन्या कोरीव लेखांचा किंवा वीरगळांचा शोध घेत गावोगाव पायपीट केली आहे, त्यांना हा प्रश्न किती गुंतागुंतीचा आहे हे ठाऊक असते. ग्रंथात लेखाचे वाचन असते, त्याचा काळ असतो, त्यावरील वाद असतात. आणि तो दगड कोठे उभा आहे याविषयी अमुक गावाच्या दक्षिणेस, देवळाच्या मागे, चिंचेखाली, एवढेच सांगितलेले असते. मधल्या काळात चिंच गेलेली असते, देवळाला नवा सभामंडप आलेला असतो आणि गावाची दक्षिण नव्या वस्तीने पुढे सरकलेली असते. प्राचीन मराठीची अध्यापक म्हणून तीसहून अधिक वर्षे मी अशा पत्त्यांवर विसंबून हिंडले. अलीकडे मात्र हातातला स्मार्टफोन क्षणार्धात दोन संख्या सांगतो, आणि दगडाचा पत्ता सांगण्यासाठी झाडाची, देवळाची किंवा माणसाची गरजच उरत नाही. ही सोय मोठी आहे, याविषयी मला मुळीच शंका नाही. प्रश्न आहे तो या सोयीने आपल्याला नेमके काय मिळते आणि काय मिळत नाही, हा.

मराठी गद्याच्या अभ्यासकाला या संदर्भात ‘स्थानपोथी’ची आठवण होणे स्वाभाविक आहे. म्हाइंभटांनी ‘लीळाचरित्रा’त श्रीचक्रधरांच्या आठवणी एकत्र केल्या, परंतु त्या लीळा ज्या जागी घडल्या, त्या जागा पुढच्या पिढ्यांना सापडणार कशा, ही चिंता महानुभाव पंथीयांना लागून राहिली. त्या चिंतेतून चौदाव्या शतकात हा ग्रंथ सिद्ध झाला. परंपरा तो मुनिव्यास कोठी यांच्या नावे सांगते. डॉ. वि. भि. कोलते यांच्या संपादनामुळे तो आधुनिक वाचकासमोर आला. जगाच्या वाङ्मयात तीर्थमाहात्म्ये पुष्कळ आहेत. परंतु माहात्म्याला जवळजवळ फाटा देऊन केवळ जागा सांगणारे असे पुस्तक विरळाच. गाव कोणते, गावाच्या कोणत्या अंगास देऊळ, देवळाचे तोंड कोणीकडे, आत कोणत्या बाजूस गोसावी बसत, कोठे निजत, हे सारे त्यात दिशेदिशेने सांगितले आहे. वाक्ये आखूड, विशेषणे जवळपास नाहीत. अलंकारशास्त्राच्या दृष्टीने पाहिले तर त्यात काहीच नाही. आणि तरीही ते कोरडे वाटत नाही, कारण प्रत्येक दिशेच्या टोकाशी कोणीतरी बसलेले, निजलेले, बोललेले आहे.

या ग्रंथाची रीत ध्यानात घेण्यासारखी आहे. ती जागा जागेच्या साहाय्याने सांगते. देऊळ गावाच्या आधाराने, दार देवळाच्या आधाराने आणि आसन दाराच्या आधाराने. म्हणजे वाचणाऱ्याने आधी गावात यावे, मग देवळाशी यावे, मग दारात उभे राहावे, अशी तिची अपेक्षा असते. ती चालणाऱ्यासाठी लिहिलेली आहे. आमचे जुने ताम्रपट आणि दानलेख हेच करतात. दिलेल्या जमिनीची चतुःसीमा सांगताना पूर्वेस कोण, पश्चिमेस कोणता ओढा, उत्तरेस कोणाचे शेत, हे ते सांगतात. शेजार हाच पत्ता होता. शेजार मोडला की पत्ताही मोडला, हा त्या पद्धतीतला दोष. आणि शेजार टिकवणे भाग पडे, हा गुण.

आता आजच्या रीतीकडे वळू. माझ्या एका विद्यार्थिनीने मला ही विद्या शिकवली. तिचा प्रबंध भीमेच्या खोऱ्यातील वीरगळांवर होता. दगडाशी शक्य तितके जवळ उभे राहावे, डोक्यावर मोकळे आकाश असावे, फोनमधील नकाशा उघडावा आणि आपण जेथे आहोत तो निळा ठिपका स्थिर होईपर्यंत थांबावे. ठिपक्याभोवती फिकट वर्तुळ दिसते. ते जितके आकसेल तितकी खात्री अधिक. मग त्या ठिकाणी बोट दाबून धरले की खूण उमटते आणि अक्षांश व रेखांश दशांश अपूर्णांकांत दिसू लागतात. तेथे मोबाइलचे जाळे नसले तरी काम अडत नाही, कारण ही संख्या मनोऱ्याकडून येत नाही. फक्त पहिल्यांदा जरा अधिक थांबावे लागते. छायाचित्र घेताना स्थळाची नोंद करण्याची मुभा दिलेली असेल, तर चित्राच्या पोटातही ती संख्या साठते. मात्र तेच चित्र व्हॉट्सॲपवरून नेहमीच्या रीतीने पाठवले की ती नोंद गळून पडते. म्हणून संख्या वहीत हाताने लिहून ठेवावी, असा तिचा आग्रह होता. संगणकाच्या पिढीतील मुलीने वहीचा आग्रह धरावा, याचे मला कौतुक वाटले.

ही संख्या येते कोठून, हे समजून घेणे साहित्याच्या विद्यार्थ्यालाही अवघड नाही. पृथ्वीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून उपग्रह फिरत असतात. प्रत्येकात अणुघड्याळ असते आणि प्रत्येक उपग्रह अखंडपणे एकच गोष्ट सांगत असतो: मी कोण, कोठे आणि आता किती वाजले. तो संदेश आपल्यापर्यंत यायला सेकंदाचा सुमारे पंधरावा भाग लागतो. किती उशीर झाला यावरून अंतर कळते, आणि निदान चार उपग्रहांची अंतरे कळली की आपली जागा निश्चित होते. येथे एका सेकंदाच्या दशलक्षांशाची चूक म्हणजे जमिनीवर तीनशे मीटरांची चूक. म्हणजे जागेचा हा सारा हिशोब वस्तुतः वेळेचा आहे. अमेरिकेची ही व्यवस्था सैन्यासाठी उभारली गेली; नागरिकांना मिळणाऱ्या संदेशात हेतुपुरस्सर मिसळलेली अस्पष्टता मे २००० मध्ये काढून टाकण्यात आली, आणि त्यानंतरच ती सामान्य माणसाच्या खऱ्या उपयोगाची झाली. आता रशिया, युरोप, चीन यांच्या व्यवस्था आहेत, भारताची ‘नाविक’ही आहे, आणि नवे फोन एकाच वेळी यांतील अनेकांचे ऐकतात.

गधेगळीच्या माथ्यावर सूर्य आणि चंद्र कोरलेले असतात. हे दान आचंद्रार्क चालावे, आकाशातले हे दोघे त्याला साक्षी आहेत, असा त्याचा अर्थ. दगडाच्या जागेला आकाशाची साक्ष काढण्याची कल्पना आपल्याला नवी नाही. साक्षीदार तेवढे बदलले आहेत.

परंतु साक्ष किती काटेकोर, हे विचारलेच पाहिजे. मोकळ्या आकाशाखाली चांगला फोन सुमारे पाच मीटरांच्या आत जागा सांगतो; दाट झाडाखाली किंवा भिंतीच्या कडेला त्याहून अधिक चुकतो. अक्षांशाच्या दशांश चिन्हानंतरचा पाचवा आकडा म्हणजे जमिनीवर सुमारे १.१ मीटर, आणि सहावा म्हणजे अकरा सेंटिमीटर. त्यामुळे फोन सहा-सात आकडे दाखवतो म्हणून ते सारे खरे मानणे भाबडेपणाचे होय. पाचव्याच्या पुढचे आकडे फोनच्या बाबतीत केवळ शोभेचे. साहित्यसमीक्षेतही असे आकडे असतात: संहितेने जेवढे दिले त्याहून अधिक बारीक अर्थ काढून दाखवणारे. अक्षांश आधी आणि रेखांश नंतर, हा क्रमही जपावा लागतो. अलिबागजवळील अक्षीचा शिलालेख साधारण १८.६ अंश उत्तर आणि ७२.९ अंश पूर्व येथे आहे. क्रम उलटला तर शके ९३४ चा, म्हणजे इ. स. १०१२ चा तो मराठी लेख नॉर्वेच्या उत्तरेकडील समुद्रात जाऊन पडेल.

अक्षीच्या लेखाचा उल्लेख आला आहे तर आणखी एक गोष्ट सांगते. डॉ. शं. गो. तुळपुळे यांनी त्याचा काळ निश्चित केल्यामुळे तो श्रवणबेळगोळच्या गोमटेश्वराच्या पायाशी असलेल्या प्रसिद्ध लेखाहून जुना ठरला. मराठीचा उगम मागे नेणारा हा दगड आपण स्थिर समजतो. परंतु ज्या भूखंडावर तो उभा आहे तो ईशान्येकडे वर्षाला सुमारे पाच सेंटिमीटर सरकतो आहे. त्या हिशोबाने लेख कोरला गेल्यापासून आजवर तो सुमारे पन्नास मीटर चालून आला आहे. शेजारच्या मातीला, झाडांना आणि गावाला त्याची जाणीव नाही, कारण तेही त्याच्याबरोबर चालत आहेत. शेजाराची रीत येथे अबाधित राहते. आकड्यांची रीत मात्र हजार वर्षांत खोटी पडते. ज्या शून्यापासून रेखांश मोजायचे ते शून्यही अढळ नाही. आमच्या ज्योतिषांनी ते उज्जयिनीच्या रेषेवर मानले होते. १८८४ मध्ये ते ग्रिनिचला गेले, आणि आज ग्रिनिचच्या वेधशाळेतील त्या प्रसिद्ध रेषेवर फोन घेऊन उभे राहिले तर शून्य दिसत नाही. उपग्रहांचे शून्य तेथून सुमारे १०२ मीटर पूर्वेला आहे.

मोजमापाची ही परंपरा आपल्याकडे आली ती राज्यकर्त्यांच्या गरजेपोटी. विल्यम लॅम्बटन याने १८०२ मध्ये मद्रासजवळ पहिली आधाररेषा मोजली आणि तेथून त्रिकोणामागून त्रिकोण जोडत हा देश आकड्यांत बसवण्यास आरंभ केला. १८०८ मध्ये तो तंजावरात होता. सपाट मुलखात उंच जागा मिळेना म्हणून बृहदीश्वराच्या देवळावर अर्ध्या टनाचा थिओडोलाइट चढवण्यात आला. दोर तुटला आणि यंत्र देवळाच्या भिंतीवर आदळले. त्याच देवळाच्या प्राकारात अवघ्या पाच वर्षांपूर्वी, १८०३ मध्ये, सरफोजीराजांच्या आज्ञेने भोसले वंशाचा इतिहास मराठीत कोरला गेला होता. एकाच आवारात, एकाच दशकात, एक जण दगडावर आपण कोण आहोत हे लिहीत होता आणि दुसरा त्याच दगडाच्या आधाराने आपण कोठे आहोत हे मोजत होता. सरफोजीराजांची राज्यसत्ता तोवर कंपनीकडे गेलेली होती. आपण कोण हे सांगण्याची गरज ज्याला पडते आणि आपण कोठे हे मोजण्याची सत्ता ज्याच्यापाशी असते, ते बहुधा दोन वेगळे पक्ष असतात.

लॅम्बटन जानेवारी १८२३ मध्ये हिंगणघाट येथे वारला. हैदराबादेहून नागपूरकडे काम सरकवीत तो निघाला होता. त्याची कबर तेथेच, आजच्या वर्धा जिल्ह्यात आहे. भारताच्या कानाकोपऱ्याला ज्याच्या कामामुळे आकडे मिळाले, त्याच्याविषयी आपल्या पाठ्यपुस्तकांत फारसे काही नाही. एव्हरेस्ट हे त्याच्या उत्तराधिकाऱ्याचे नाव मात्र शाळकरी मुलालाही ठाऊक असते. जागा मोजल्याने आठवण राहते असे नाही, एवढे यातून घ्यावे.

आता मूळ अनुभवाकडे येते. २०२१ च्या हिवाळ्यात माझी विद्यार्थिनी आणि मी भीमेच्या खोऱ्यातील एका गावी गेलो होतो. गावाचे नाव मी मुद्दाम देत नाही. कारण पुढे येईल. महादेवाच्या देवळापाशी पाच वीरगळ एका ओळीत लावलेले होते आणि सहावा मात्र गावाबाहेर एका शेताच्या बांधावर एकटाच उभा होता. कमरेइतका उंच. वरच्या चौकटीत शिवलिंगाची पूजा, मधल्या चौकटीत वीराला नेणाऱ्या अप्सरा. खालची चौकट, जीत युद्धप्रसंग असतो, ती मातीत गडलेली. त्यावर अक्षर नव्हते. महाराष्ट्रातील बहुतेक वीरगळांवर ते नसते. कोण मेला हे सांगण्याची गरज त्या वेळच्या गावाला वाटली नाही, कारण गावाला ते ठाऊक होते. शेंदराचे थर चढून वीराचा चेहरा पुसला गेला होता.

शेत एका वृद्ध बाईंचे होते. माझ्या विद्यार्थिनीने फोन दगडावर धरला, तेव्हा त्या विचारू लागल्या, “काय बघतीस गं पोरी त्यात?” ती म्हणाली, “आजी, हा दगड कुठं आहे ते बघतेय.” आजींना हसू आले. “समोर तर हाय. त्यात काय बघायचं?” मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “बाई, ह्यो हितला धनी. आमी मागनं आलो.” त्यांच्या घरात गाय व्याली की पहिला चीक या दगडावर वाहण्याची रीत होती. का, हे त्यांना सांगता आले नाही. सासूने सांगितले म्हणून. सासूला तिच्या सासूने. आम्ही आकडे घेतले, ते बांधावरच्या लिंबाच्या सावलीबाहेर येऊन तीनदा घेतले, त्यांची सरासरी वहीत मांडली आणि परतलो.

२०२३ मध्ये त्या गावाकडे जाणारा रस्ता रुंद करण्यात आला. आम्हाला हे कळले ते विद्यार्थिनीला गावातून आलेल्या फोनमुळे. आम्ही गेलो तेव्हा बांध नव्हता, लिंब नव्हता आणि दगडही जागेवर नव्हता. तो नव्या मोरीच्या कडेला, भरावाच्या दगडांत पालथा पडलेला सापडला. यंत्राच्या दातांनी वरचा एक कोपरा उडाला होता. रस्त्याच्या कामाशी संबंधित कार्यालयात आम्ही विचारणा केली, तेव्हा अशी कोणतीही वस्तू आराखड्यात दाखवलेली नसल्याचे सांगण्यात आले. ते खरेच होते. आराखडा आकड्यांचा होता आणि दगड त्या आकड्यांत नव्हता. आमच्या वहीत होता. परंतु वहीतले आकडे ज्याने पाहायला हवे होते त्याच्यापर्यंत ते पोचलेच नव्हते. माहिती गोळा करणारे आणि रस्ता आखणारे यांच्यात कोणतीही वाट नव्हती.

विद्यार्थिनीने वहीतले आकडे फोनमध्ये घातले आणि नकाशावरच्या खुणेपर्यंत आम्ही चालत गेलो. खूण नव्या डांबरी रस्त्याच्या मध्यावर होती. आजी तेथे आमच्याबरोबर आल्या होत्या. “हितं?” त्यांनी विचारले. “हितंच, आजी. चार-पाच पावलं इकडंतिकडं.” त्या रस्त्याकडे काही वेळ पाहत राहिल्या. समोरून ट्रक आला म्हणून आम्ही त्यांना हाताला धरून कडेला घेतले. मला त्या क्षणी जाणवले ते असे, की संख्येने आपले काम चोख केले होते. जी जागा पुन्हा कधीही मिळणार नव्हती, ती तिने अगदी नेमकी दाखवली होती.

दगड उभा करण्यासाठी गावातील तरुणांनी तो सरळ केला, माती धुतली, आणि तेव्हा खालची चौकट प्रथमच उजेडात आली. शेंदूर तेथे पोचलाच नव्हता, त्यामुळे कोरीव काम स्वच्छ होते. डावीकडे धनुष्य घेतलेले दोघे, मध्ये ढाल-तलवार घेतलेला वीर आणि त्याच्यामागे एकापाठोपाठ एक अशा चार गाई. गोधनाच्या रक्षणार्थ पडलेल्या वीरांचे दगड महाराष्ट्रात आणि कर्नाटकात शेकड्यांनी आहेत. अभ्यासकाला त्यात नवल नाही. परंतु त्या गाई पाहून आजींनी जे केले ते माझ्या कोणत्याही संदर्भग्रंथात नव्हते. त्यांनी खाली बसून एकेका गाईवरून हात फिरवला आणि सुनेला म्हणाल्या, “बघ. म्हणून चीक.”

यावरून काही सिद्ध होते असे मी म्हणणार नाही. चीक वाहण्याची रीत आणि ती चौकट यांचा धागा सात-आठशे वर्षे अखंड राहिला, असे विधान करण्यास पुरावा लागतो आणि तो माझ्यापाशी नाही. पशुधन असलेल्या घरात कोणत्याही बांधावरच्या देवाला चीक वाहिला जाऊ शकतो. समीक्षकाने येथे थांबावे, हेच योग्य. परंतु एक गोष्ट निश्चित आहे. त्या बाईंना त्या दिवशी आपल्या कृतीचा अर्थ मिळाला, आणि तो दगडाच्या जागेतून मिळाला नाही, तर ज्यांनी त्याला जागा दिली होती त्यांच्या सवयीतून मिळाला.

त्यानंतर दगड कोठे उभा करावा, यावरून गावात मतभेद झाले. काहींचे म्हणणे, देवळापाशी इतर पाचांच्या ओळीत लावावा. तेथे तो सुरक्षित राहील, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल. शाळेतील शिक्षकांना तो शाळेच्या आवारात हवा होता. दोन्ही सूचना समंजस होत्या. आजींचे एकच म्हणणे होते: “त्याला त्याच्या रानातनं हलवू नका.” रान म्हणजे त्यांचे शेत, जे कागदोपत्री त्यांचे आणि त्यांच्या समजुतीने त्याचे. अखेरीस तो त्यांच्याच शेतात, रस्त्याच्या नव्या कडेपासून आत, मूळ जागेपासून पूर्वेस अठरा पावलांवर उभा करण्यात आला. या वेळी खालची चौकट मातीत गाडायची नाही, असे ठरले. त्यासाठी ओटा बांधला गेला. ‘स्थानपोथी’च्या अभ्यासकाला ओटा या शब्दाचे महत्त्व वेगळे सांगण्याची गरज नाही, जागा ओळखू यावी म्हणून महानुभावांनीही ओटेच बांधले.

आम्ही नवे आकडे घेतले आणि दगडाची नोंद व्हावी म्हणून एका कार्यालयाचा अर्ज भरला. त्यात अक्षांश-रेखांशासाठी चौकट होती, उंची-रुंदीसाठी होती, छायाचित्रासाठी होती. ‘पूर्वी कोठे होता’ यासाठी चौकट नव्हती. संख्येला आज कळतो, काल कळत नाही. नवी संख्या लिहिली की जुनी खोटी ठरते आणि पुसली जाते. भाषेत मात्र ‘होता’ हे क्रियापद आहे. ‘येथे होता, तेथून अठरा पावले पूर्वेस आणला’ हे वाक्य दोन्ही जागा एकाच वेळी धरून ठेवते. जागेच्या शास्त्राला भाषेची गरज असलीच तर ती येथे आहे, केवळ शोभेसाठी नाही.

आता गावाचे नाव न देण्याचे कारण. आकडे प्रसिद्ध करावेत की नाही, हा प्रश्न माझ्या विद्यार्थिनीला फार छळत असे. प्रबंधात स्थळांची यादी हवी. ती नसेल तर पुढच्या अभ्यासकाने पडताळणी कशी करायची? उलट, जुन्या दगडाखाली गुप्तधन असते या समजुतीने रात्री खणणारे लोक आहेत, आणि सुटी शिल्पे उचलून विकणारेही आहेत. ज्या दगडाला आजवर त्याच्या अडवाटेने राखले, त्याच्या दारापर्यंतचा रस्ता आपण कोणाही अनोळखी माणसाच्या हातात ठेवतो. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत ठेवले आणि शतकानुशतके ते पंथाबाहेरच्यांना वाचता आले नाहीत. आपण विद्यापीठीय लोक त्या गुप्ततेविषयी तक्रारीच्या सुरात बोलत आलो. त्या गुप्ततेमुळे मराठीचे आरंभीचे गद्य आपल्याला उशिरा कळले, हे खरेच. परंतु त्याच गुप्ततेमुळे त्याची भाषा नकलकारांच्या हातून फारशी बदलली नाही, हेही आपणच वर्गात शिकवतो.

आम्ही मध्यम मार्ग स्वीकारला. प्रसिद्ध होणाऱ्या यादीत दशांश चिन्हानंतर दोनच आकडे; म्हणजे सुमारे एका किलोमीटरची संदिग्धता. अभ्यासकाला गावाच्या शिवेपर्यंत येता येईल, पुढे मात्र त्याला विचारत जावे लागेल. पूर्ण आकडे ग्रामपंचायतीच्या दप्तरात, नोंदणी करणाऱ्या कार्यालयात आणि विद्यार्थिनीच्या वहीत. रस्ता आखणाऱ्यांकडेही ते गेले पाहिजेत, यासाठी गावाने ठराव करून पाठवला. या व्यवस्थेने सारे धोके टळतील असे नाही. परंतु शेवटचा एक किलोमीटर विचारत चालावा लागणे यात मला संशोधनाची हानी दिसत नाही. ज्याला त्या वाटेत कोणालाच काही विचारायचे नाही, त्याला दगड सापडूनही फारसे काही मिळणार नाही.

साहित्याच्या विद्यार्थ्यांना माझे सांगणे एवढेच, की संख्या अवश्य घ्या. ती घेतली नाही तर रस्त्याखाली काय गेले हेही उद्या कोणाला कळणार नाही. आणि संख्येविषयी नाक मुरडणारी साहित्यिक वृत्ती ही निव्वळ आळसाचे एक रूप आहे. कोणत्या दिवशी घेतली, कोणत्या यंत्राने घेतली, वर झाड होते की आकाश, हेही लिहा. आणि मग त्याच पानावर तीन-चार वाक्ये अशी लिहा, की यंत्र हाती नसलेला माणूसही दगडापर्यंत पोचेल, आणि पोचल्यावर त्याला तेथे कोणाचा शेजार आहे हे कळेल.

आपल्या भाषेत ठिकाण आणि ठाव असे दोन शब्द आहेत. ठिकाण सापडते. ठाव मात्र घ्यावा लागतो, आणि तो पाण्याचाही असतो, मनाचाही असतो. त्या वीरगळाची आमच्या वहीतील नोंद आता अशी आहे: आकड्यांच्या दोन ओळी, जुनी व नवी, दोन्हींपुढे तारीख, आणि त्यांखाली माझ्या विद्यार्थिनीच्या अक्षरात, “गावाच्या उत्तरेस, रस्त्याच्या पूर्वेस, शेतात ओट्यावर. तोंड पश्चिमेस, जुन्या जागेकडे. खालच्या चौकटीत चार गाई. शेतातल्या घरी विचारावे. गाय व्यालेली असेल तर चीक तेथे आधी जातो.”